परमुलखाचा विणकर अधिक कष्टाळू होता काय?

सोलापुरांत चार माणसें एकत्र बसलीं आणि बोलणें धंद्यावर आलें, म्हणजे एक वाक्य हटकून ऐकूं येतें : "आपल्या माणसाला काम नको, बाहेरचा माणूस पाहा, बारा बारा तास उभा राहतो." घर बांधणारा गवंड्यांविषयीं असें म्हणतो, मागवाला मागावरच्या कामगारांविषयीं म्हणतो, आणि ऊस लावणारा बागाईतदार तोडणीवाल्यांविषयीं म्हणतो. हें वाक्य आजचें नाहीं. माझ्या आजोबांच्या पिढींत तें तेलुगू विणकरांना उद्देशून म्हटलें जात असे; आज ज्यांच्या तोंडीं तें आहे त्यांच्यापैकीं पुष्कळजण त्याच विणकरांचे नातू-पणतू आहेत. तेव्हां या वाक्याचा इतिहास एकदां नीट पाहावा असें मला बरेच दिवस वाटत होतें. आजच्या भाषणांत तोच सांगावयाचा आहे.

मूळचा कोण आणि उपरा कोण, हा भेद सोलापुरापुरता तरी फार जपून करावा लागतो. येथें मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारहि भाषा एकाच गल्लींत ऐकूं येतात. १९०१ सालीं शहराची वस्ती सुमारें पाऊण लाख होती. १९११ च्या खानेसुमारीच्या वेळीं प्लेगनें गांव रिकामें केल्यामुळें ती एकसष्ट हजारांवर उतरली, आणि १९२१ सालीं पाहावें तों जवळजवळ एक लाख वीस हजार झालेली ! दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होणारें गांव केवळ पाळण्यांनीं वाढत नाहीं. तें रस्त्यानें आणि आगगाडीनें वाढतें. माणसांचीच गोष्ट कशाला, भांडवलहि बाहेरूनच आलें. जुनी गिरणी काढली ती मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनीं. नरसिंगगिरजी गिरणीला नांव मिळालें तें हैदराबादच्या गोसावी सावकारांचें. परमुलखाचा रुपया गांवच्या रुपयापेक्षां अधिक कष्टाळू असतो काय, असा प्रश्न मात्र कोणीं विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. तो प्रश्न मजुरांच्याच वांट्याला येतो.

आतां तेलुगू विणकर येथें आला कसा, तें पाहूं. सोलापुरांत माग पूर्वीपासून होते. १८८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरांत कोष्टी, साळी, पद्मसाळी, मोमीन अशा विणकर जातींची नोंद आहे. म्हणजे पद्मसाळी मंडळी तोंपर्यंत येथें स्थिरावूं लागली होती. परंतु ओघ वाढला तो आगगाडीनें. मुंबईकडून येणारी गाडी १८६० सालीं सोलापुरास पोंचली. १८७१ सालीं तीच वाट रायचूरपर्यंत गेली. आणि १८७४ सालीं वाडीपासून हैदराबादेपर्यंत निजामचा लोहमार्ग सुरू झाला. त्याच सालीं सोलापुरांत सूतगिरणीची कंपनी उभी राहिली, आणि १८७७ सालीं तिचीं चात्यें फिरूं लागलीं. एकीकडे वरंगळ, करीमनगर, नलगोंडा, महबूबनगर या भागांतला विणकर, ज्याच्या मागें दुष्काळ, सावकार आणि देशमुखाची वेठ लागलेली. दुसरीकडे सूत जवळ, दक्षिणेंतल्या बायकांना नेसावयाच्या लुगड्यांची पेठ जवळ, आणि तेथपर्यंत नेणारी गाडी. एक भाऊ आला कीं त्याच्या मागून दुसरा, मग मेहुणा, मग सारी आळी, अशा रीतीनें पूर्वेकडच्या पेठा भरत गेल्या. मालेगांवास उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन आले तेहि १८५७ नंतरच्या धामधुमींत व दुष्काळांत असेच आले.

हे लोक खरोखरच फार काम करीत. त्यांत शंका घेण्याचें कारण नाहीं. पण तें काम कोठें आणि कोणत्या अटींवर चाले, हें डोळ्यांपुढें आणल्याशिवाय त्या कष्टाळूपणाचा अर्थ लागत नाहीं.

सोलापुरी हातमागाचा कारखाना म्हणजे एक लांबट, ठेंगणें छप्पर. आंत खड्डे खणून मांडलेले माग. एका अंगाला कारखानदाराचें घर. आणि मागांच्या आसपास, कधीं मागाला लागूनच, विणकराचा संसार. असामी या नांवानें ओळखला जाणारा हा विणकर कारखान्यांतच राही, तेथेंच चूल मांडी, तेथेंच त्याचीं मुलें जन्मत. गांवाहून येतांना किंवा लग्नकार्याच्या वेळीं तो कारखानदाराकडून उचल घेई. ती फिटेपर्यंत त्याला दुसरा कारखाना धरतां येत नसे. आणि मजुरी दर नगावर ठरलेली असल्यामुळें ती फिटण्याचें लक्षण क्वचितच दिसे. नवा कारखानदार जुन्याची बाकी भरून असामीला आपल्याकडे नेई, म्हणजे छप्पर बदले, बाकी तशीच राही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें या विणकर जातींची जी पाहणी करविली व जी काकडे यांनीं लिहून १९४७ सालीं प्रसिद्ध झाली, ती ज्यांना जिज्ञासा असेल त्यांनीं अवश्य वाचावी.

दुसरी गोष्ट अशी कीं, एका मागावर एकच माणूस दिसतो, पण तो माग एका माणसाच्या बळावर चालत नाहीं. सूत उकलणें, रहाटावर कांड्या भरणें, ताणा लावणें, खळ देणें, तुटलेले धागे सांधणें, हीं कामें बायको करी, आई करी, सात-आठ वर्षांचीं पोरें करीत. लुगडें तयार झालें म्हणजे मजुरी एकाच्या नांवें लिहिली जाई. माझें लहानपण अशाच एका पेठेच्या कडेला गेलें. पहाटे जाग येई ती धोट्याच्या ठकठकीनें, आणि रात्रीं डोळा लागे तोहि त्याच नादांत. आमच्या घरचीं मोठीं माणसें म्हणत, "काय मेहनती लोक आहेत !" त्या ठकठकीच्या मध्यें मध्यें एक बारीक कुरकुर ऐकूं येत असे; ती रहाटाची. ती कोण फिरवीत आहे, हें आम्ही कधीं विचारलें नाहीं. एका परमुलखी विणकरानें दोन देशी माणसांचें काम केलें असा जो हिशेब लोक मांडीत, त्यांत या रहाटावरचे हात धरलेलेच नसत.

याच्या उलट गिरणींतला माणूस. तोहि कांहीं सुखांत नव्हता; पण त्याच्या दिवसाला दोन्हीं टोकांना भोंगा होता. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२ सालीं तो अकरा, १९३४ सालीं दहा आणि १९४८ सालीं नऊ तासांवर आला. हातमागाचा कारखाना मात्र यंत्रशक्तीवर चालत नाहीं म्हणून बहुधा या कायद्यांच्या व्याख्येंतच बसत नसे. एकाच गांवांत, एकाच कापडाच्या धंद्यांत, एका माणसाचे तास सरकार मोजीत होतें आणि दुसऱ्याचे तास त्याची बाकी मोजीत होती. या दोघांची तुलना करून एक आळशी व दुसरा उद्योगी ठरविणें, म्हणजे दावणीला बांधलेल्या बैलानें गोठा सोडला नाहीं म्हणून त्याला घरकोंबडा म्हणण्यासारखें आहे.

गिरणीच्या साळखात्यांत आणि सूतखात्यांत आजूबाजूच्या तालुक्यांतून आलेले मराठी-कानडी लोक पुष्कळ होते. त्यांच्याविषयीं तक्रार अशी कीं, हे खाडे फार करतात. तक्रार निराधार नव्हती. मंगळवेढ्याच्या काळ्या रानांत ज्वारी काढणीला आली कीं साळखात्यांत बदलीवाल्यांची भरती होई. आषाढीला पंढरपूर, संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, हींहि होतींच. परंतु हा खाडा करणाऱ्या माणसाला कोठें तरी जावयास जागा होती, भावाच्या नांवावरचें का होईना पण चार बिघे रान होतें, हें यांतलें मर्म. गिरणी रुसली तर तो गांवीं जाऊं शके आणि गांव रुसलें तर गिरणींत येऊं शके. १९३१ सालीं आपला अहवाल देणाऱ्या व्हिटले कमिशननें हिंदी कामगारांविषयीं असें मत दिलें होतें कीं, तो शहराच्या ओढीनें येत नाहीं, खेड्यांतून ढकलला जाऊन येतो. सोलापूरचा देशी कामगार ढकलला जाई, पण परत जाण्याची वाट त्याला मोकळी असे. तेलुगू विणकराची ती वाट वाडी जंक्शनाच्या पलीकडे राहिली होती, आणि तिच्या टोकाला शेत नव्हतें.

हा फरक रक्ताचा नव्हता याचा पुरावा सोलापुरांतच सांपडतो. पुष्कळ पद्मसाळी मंडळी कारखान्यांतून निघून गिरण्यांत शिरली. तेथें गेल्यावर त्यांनीं इतरांच्याहून निराळी वागणूक ठेविली असें दिसत नाहीं. तेहि भोंग्याबरोबर आले व भोंग्याबरोबर गेले, सणावारीं राहिले, आणि १९३४ सालच्या संपांत तेहि लाल बावट्याखालीं उभे राहिले. पुढें तर हीच वस्ती येथील कामगार चळवळीचा कणा झाली. हात तेच, भाषा तीच. बदललें होतें तें छप्पर.

दुसरा पुरावा दुष्काळाचा आहे. १८९६ सालीं पाऊस गेला, खेड्यांतल्या लोकांच्या हातांत लुगडें घेण्यास पैसा उरला नाहीं, आणि सोलापूरचे माग बंद पडले. तोच कष्टाळू विणकर महिन्यामागून महिने हात बांधून बसला. सरकारच्या दुष्काळी कामांवर खडी फोडावयास जावें, तर धागा ओळखणारीं बोटें बाद होणार. त्या वेळीं लोकमान्य टिळक सोलापुरास आले आणि स्थानिक व्यापाऱ्यांच्या साह्यानें विणकरांना त्यांच्याच धंद्यांतून मदत द्यावी अशी योजना त्यांनीं मांडली. सरकारनें ती मान्य केली नाहीं. त्या हिंवाळ्यांत कोणी परका माणूस येथून जाता, तर त्याला ओट्यांवर रिकामे बसलेले विणकर दिसले असते, आणि त्यानें आपल्या वहींत या जातीविषयीं काय लिहिलें असतें हें सांगण्यास ज्योतिषी नको. त्या काळच्या गॅझेटियरांतून प्रत्येक जातीपुढें उद्योगी, काटकसरी, आळशी, शांत अशीं विशेषणें लावण्याची जी रीत आहे, ती वाचतांना मला नेहमीं हीच गोष्ट आठवते.

तेव्हां बाहेरून येणाऱ्या माणसांत कांहींच विशेष नसतें असें मी म्हणतों काय ? नाहीं. घर सोडून दूरवर न कळणाऱ्या भाषेच्या गांवीं जाण्यास धाडस लागतें, आणि आळींतला सर्वांत मंद माणूस सहसा प्रथम निघत नाहीं. शिवाय हे लोक पिढीजात विणकर होते. काठाचें काम, रंगांची पारख, धागा न तोडतां धोटा फेंकण्याची लय हीं त्यांच्या हातांत जन्मापासून होतीं. जें कसब होतें त्याला आपण कष्ट म्हटलें, ही आपली एक चूक; कारण कसबाला भाव द्यावा लागतो आणि कष्टाला शाबासकी दिली तरी चालते. तिसरी गोष्ट आशेची. कांहीं असामींनीं बाकी फेडली, एक माग घेतला, मग दोन, मग स्वतःच कारखाना घातला. पुढें विजेवरचे माग आले, जाळीदार नक्षीच्या जेकार्ड चादरी आल्या, आणि सोलापुरी चादर देशभर गेली; २००५ सालीं तिला भौगोलिक निर्देशाची सरकारी नोंदहि मिळाली. या वैभवांत पद्मसाळी कारखानदारांचा वांटा फार मोठा आहे. कालचा असामी आजचा मालक होऊं शकतो, हें शेजारीं डोळ्यांनीं दिसत असल्यावर माणूस रात्रीचा दिवस करतो. देशी कामगाराला गिरणींत असें कांहीं दिसत नव्हतें. साळखात्यांतला माणूस फार तर जॉबर होई. गिरणीचा मालक होत नसे.

बाहेरून आणलेल्या आणखी एका वर्गाची आठवण येथें केली पाहिजे. गुन्हेगार जमाती या क्रूर नांवाखालीं ज्यांना सरकारनें डांबलें, त्यांची मोठी वसाहत सोलापुरांत होती, आणि तेथील माणसें तारेच्या कुंपणांतून हजेरी देऊन गिरण्यांत कामाला जात. हेहि परमुलखाचे, हेहि राबणारे. परंतु उपरा माणूस कष्टाळू असतो याचें उदाहरण म्हणून त्यांचें नांव कोणीं घेतलें नाहीं. कारण त्यांची तार सर्वांना दिसत होती. उचलीची तार दिसत नसे, एवढाच भेद.

हा प्रश्न आपल्याकडेच पडला असेंहि नाहीं. अमेरिकेच्या कायदेमंडळानें १९०७ सालीं नेमलेल्या डिलिंगहॅम कमिशननें परदेशांतून येणाऱ्या मजुरांविषयीं ४१ खंडांचा ढीग रचला. त्या वेळीं न्यू इंग्लंडमधील कापडगिरण्या पोलंड, ग्रीस, इटली अशा देशांतून आलेल्या लोकांनीं भरल्या होत्या. पुढें ग्रेगरी क्लार्क या अर्थशास्त्रज्ञानें १९८७ सालीं एका निबंधांत देशोदेशींच्या गिरण्यांचे आंकडे मांडून दाखविलें कीं, १९१० च्या सुमारास न्यू इंग्लंडमधील एक कामगार जेवढीं यंत्रें सांभाळी, तेवढ्यांना ग्रीस, जपान किंवा हिंदुस्थानांत जवळजवळ सहा माणसें लागत. आणि मौज अशी कीं, त्या न्यू इंग्लंडांत काम करणारीं माणसें बहुतेक त्याच मागासलेल्या गणल्या गेलेल्या देशांतून आलेलीं होतीं. ग्रीक मनुष्य ग्रीसमध्यें सुस्त आणि समुद्र ओलांडतांच चपळ ! क्लार्कसाहेबांनीं याचें कारण त्या त्या ठिकाणच्या कामाच्या रीतींत व वातावरणांत शोधलें. तें पुरतें पटो वा न पटो, रक्ताचा सिद्धान्त मात्र तेथेंच कोसळतो.

पण इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रांतला मराठी माणूसच उपरा झाला म्हणजे काय होतें, हें आपल्या जिल्ह्यांत दर दिवाळीनंतर दिसतें. उजनीचें पाणी आलें, ऊस वाढला, आणि साखर कारखान्यांच्या संख्येंत सोलापूर जिल्हा राज्यांत पुढें गेला. तो ऊस तोडावयास बीड, धाराशिव या बाजूंनीं टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. बाईचें निराळें नांव हजेरींत नसतें. पहांटे अंधारांत फडांत शिरावयाचें, मोळ्या बांधावयाच्या, गाडी भरून कारखान्यावर जावयाचें, पाचटाच्या खोपींत निजावयाचें. आमचा बागाईतदार म्हणतो, "बीडचा माणूस फार कष्टाळू हो, आमच्या गांवचा गडी दहाला येतो नि पांचला जातो." आणि बीडमध्यें याच माणसाविषयीं तेथील शेतमालक काय म्हणतो ? आमच्या गांवच्या गड्याला काम नको !

या कष्टाळूपणाची किंमत किती हें २०१९ सालीं सर्वांना कळलें. ऊसतोडणी करणाऱ्या बायकांचीं गर्भाशयें मोठ्या संख्येनें काढलीं जात असल्याच्या बातम्या आल्या, आणि राज्य सरकारनें नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढें बीड जिल्ह्यांतून जे आंकडे आले, त्यांत अशी शस्त्रक्रिया झालेल्या बायका तेरा हजारांहून अधिक निघाल्या. खाडा झाला कीं दंड, आणि पाळी आली कीं खाडा. एवढें सांगितल्यावर अधिक सांगावयास नको. जो गडी दहाला येऊन पांचला जातो, त्याच्या बायकोवर ही पाळी आलेली नाहीं. त्याला आळशी म्हणावयाचें असेल तर या बाजूनेंहि एकदां विचार करून म्हणावें.

तेलुगू विणकरांच्या घरांत आतां काय चाललें आहे ? गिरण्या एकामागून एक गेल्या. जुनी गिरणी १९४९ सालीं बंद पडली, तिच्यासाठीं खास कायदा झाला, तो खटला थेट नव्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शतकाच्या अखेरीस लक्ष्मी-विष्णूचाहि भोंगा थांबला. यंत्रमाग आहेत, पण त्यांचे मालक सांगतात कीं तरुण मुलें मागावर उभीं राहावयास तयार नाहींत. घरोघरच्या बायकांनीं मात्र विड्या वळून संसार चालविले, आणि त्यांच्याच चळवळींतून कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नांवाची दहा हजार घरांची वसाहत २००६ सालीं उभी राहिली. रहाटाच्या जागीं सूप आलें. पान, तंबाखू आणि दोरा घेऊन ती बाई तशीच उंबऱ्यांत बसली आहे.

मध्यंतरीं माझ्या ओळखीच्या एका मागवाल्याकडे बसलों होतों. गृहस्थ जातीनें पद्मसाळी, त्यांचे पणजोबा असामी म्हणून आले. ते मला म्हणाले, "मास्तर, आपल्या सोलापूरच्या पोरांना कष्ट नकोत. बाहेरची माणसें मिळालीं तर बरें होईल." त्यांचा मुलगा काय करतो असें मीं विचारलें. तो पुण्यास एका कंपनींत आहे. भाड्याच्या एका खोलींत चौघेजण राहतात, रात्रीं दहा-अकरापर्यंत कचेरींतच असतो, रविवारींहि बोलावलें तर जातो. त्याच्या साहेबांनीं आणखी दोन मुलें सोलापूरचींच पाहून द्या म्हणून सांगितलें आहे. सोलापूरचीं मुलें फार कष्टाळू असतात, असें त्यांचें म्हणणें आहे.